ओहायोतली चढाई

"आबा, हे बटण दाबलं की पळायचं, हे दाबलं की चेंडू फेकायचा," असं म्हणून माझ्या पोराने, संग्रामने, व्हिडिओ गेमचा तो कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला.

मी बटणं मोजली. चौदा भरली. बाकीची कशाला, असं विचारलं तर म्हणाला, ती नाही दाबली तरी चालतं. म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीसारखंच झालं, मी म्हणालो. तो हसला नाही. बाहेर गाडीवरचा बर्फ खरवडायचा होता आणि सातच्या आत ऑफिस गाठायचं होतं. मृणाल, माझी सून, त्याच्याही आधी निघून गेली होती. फ्रिजमध्ये तिने डबे लावून ठेवले होते, प्रत्येकावर वार लिहिलेला. तळघराच्या जिन्यावर संग्रामची पावलं वाजली, वर दार लागलं, आणि मग संध्याकाळी साडेसहापर्यंत त्या घरात बोलणारा असा मी एकटा आणि ती भिंतीतली गरम हवा फेकणारी भट्टी.

मी सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, हे आमच्या शिरसवाडीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बत्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. घाटात बंद पडलेल्या गाडीत पन्नास माणसं शांत बसवायची तर गोष्ट फुगवावी लागते, त्यातून जीभ सैल झाली ती झालीच. ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. हिच्यातलं निम्मं कुठलं सोडायचं, ते मात्र माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

बायको गेली आणि संग्राम मला ओहायोला घेऊन गेला. जानेवारी होता. काचेबाहेर पांढरं, त्याच्या पलीकडे पांढरं. समोरचा एक म्हातारा रोज दहाला फावडं घेऊन बाहेर यायचा आणि माझ्या दिशेने हात वर करायचा. मीही करायचो. दिवसभराची माणसं संपली. तिसऱ्या आठवड्यात मी फ्रिज उघडून 'आज बुधवार' असं मोठ्याने म्हणायला लागलो, आवाज अजून येतो का ते बघायला.

एकच गोष्ट धरून होतो. सकाळी नऊला माझा गावाकडे फोन. तिकडे संध्याकाळचे साडेसात. सर्जेराव अंथरुणावर पडलेला. साखरेने त्याचा उजवा पाय खाल्ला, डॉक्टरांनी गुडघ्याच्या वरून काढला. त्याची सून शालन फोन उशीवर ठेवायची आणि भाकऱ्या थापायला जायची. सर्जेराव आणि मी एका संघातले. नवजवान व्यायाम मंडळ, शिरसवाडी. सन शहात्तरला जिल्ह्याची कबड्डीची ढाल आम्ही आणली. सातातले पाच गेले, उरलो आम्ही दोघं.

पहिले वीस दिवस मी त्याला अमेरिका सांगितली. इथल्या खारी बोक्याएवढ्या असतात आणि दारावर येऊन हात जोडतात. इतकी थंडी, की शिंक आली तर ती खाली पडून फुटते. पूर्वी या असल्या मालावर तो उशी बडवून हसायचा. एकविसाव्या दिवशी नुसता 'हं' म्हणाला. मग म्हणाला, "बळ्या, दिसभर हितं पत्रा बघत पडतो रं. काय खरं आसंल तर सांग."

खरं काहीच नव्हतं माझ्याकडे. म्हणून मी तळघरात उतरलो.

आता त्या खेळाचं सांगतो. बाजारात बैल घेताना दात बघतात, खूर बघतात, तसा मी तो चारी बाजूंनी बघितलेला आहे. त्याला म्हणतात फुटबॉल, पण पायाने कोणी चेंडूला शिवत नाही, आणि चेंडू गोल नाही, कवठाला दोन्हीकडून ओढल्यासारखा. इकडे अकरा, तिकडे अकरा. चेंडू काखेत मारून समोरच्यांच्या टोकाची रेघ ओलांडली की सहा गुण. ते अडवतात, पाडतात. पहिला दोष हा की चार सेकंद खेळतात आणि चाळीस सेकंद घोळका करून कुजबुजतात. पण पडद्यावर माणसं अशी जिवंत की श्वासाची वाफ दिसते, मैदानावर बर्फ असला तर पडलेल्याच्या पाठीला चिकटतो आणि पुढच्या खेळीला तिथेच असतो. हे काम ज्याने केलं त्याला मी बक्षीस दिलं असतं.

आणि सगळ्यात मोठा गुण पुढेच. त्यात आपले गडी आपल्याला बनवता येतात. उंची, वजन, रंग, उभं राहायची ढब. मी दोन दिवस खपून आमचे सातही गडी बनवले, उरलेले चार यंत्राने भरले. हिंदुराव, आमचा कप्तान, त्याला मिशीच मिळेना. दाढ्या चाळीस प्रकारच्या होत्या, पण पीळ भरलेली मिशी त्या कारखान्यात कोणी बघितलेली नसावी. शेवटी जवळपासची एक दिली. मुबारकचं मोडकं नाक मात्र हुबेहूब साधलं. सर्जेराव काटकुळा, लांब पायांचा, एकोणीस वर्षांचा. वय विचारत होते. मी ढाल आणली त्या वर्षाचं प्रत्येकाचं वय घातलं. हिंदुरावाचं तेव्हा एकोणचाळीस होतं, एकोणचाळीस टाकलं. आयुष्यभर थापा मारल्या आणि नेमक्या त्या रकान्यात खरं बोललो.

दुसऱ्या दिवशी फोनवर सर्जेरावाला सांगितलं की आपला संघ पुन्हा उभा केलाय. त्याने दबकत विचारलं, "त्यात मी हाय?"

"तूच पळतोस," मी म्हणालो. "चेंडू तुझ्याकडे असतो."

"किती पळालो?"

हाही त्या खेळाचा एक गुण. पळालेलं वाया जात नाही, प्रत्येक गड्याचा हिशेब राहतो. मी म्हणालो, पहिल्या सामन्यात एकशे बारा यार्ड. यार्ड म्हणजे किती ते त्याला समजावलं. थोडा वेळ त्याने डोक्यात मोजलं आणि म्हणाला, म्हणजे मारुतीच्या देवळापासनं कदमाच्या विहिरीपातूर. मग हाक मारून शालनला सांगितलं, कदमाच्या विहिरीपर्यंत पळालो म्हणून. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

तेव्हापासून माझ्या दिवसाला कणा आला. सकाळी फोन, मग खेळ, 'शुक्रवार' लिहिलेला डबा, पुन्हा खेळ. दिवसाला चार सामने. मुबारकने कोणाची मांडी धरली, हिंदुरावाने तिघांना कसं अंगावर घेतलं, सगळं कागदावर टिपून ठेवायचो. एक दोष मात्र सलत राहिला. त्यातले बोलणारे दोन समालोचक सगळ्या अमेरिकेची नावं घ्यायचे, आमच्यावर आले की नुसतं नंबर सात, नंबर बावीस. आणि गडी अगदी मुके. चढाईला जाणारा तोंडाने काहीच म्हणत नाही. दम घुमत नाही. मी सर्जेरावाला हे सांगितलं तर त्याला पटेना. मुकाट्यानं पळायचं म्हंजी चोरी झाली की रं, म्हणाला.

सतरा सामन्यांचा एक हंगाम. तो पाच दिवसांत उरकला. शेवटी एक यादी आली आणि तीत हिंदुरावाचं नाव, पुढे रिटायर्ड. तो शब्द मला येत होता. मीही रिटायर्डच होतो आणि मी तर रोज चार सामने खेळत होतो. म्हटलं, बाद दिलाय, बसवलाय बाकावर. येईल.

कबड्डी ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपला गडी बाद झाला की रेघेबाहेर जाऊन बसतो. आपण त्यांचा एक बाद केला, की आपला एक जिवंत होतो आणि कपडे झटकून आत येतो. 'जिवंत' हाच शब्द आहे त्याला. गुण घ्यायचे ते त्यासाठीच. मी सर्जेरावाला सांगितलं की हिंदुराव बाद आहे. तो घाबरला नाही. "मग गुण काढा की," म्हणाला. "जिवंत करा त्याला."

तर मी नव्या हंगामात गुण काढायला लागलो. खेळाचा अवघडपणा सगळ्यात खाली आणला, संग्रामने ते बटण दाखवलं होतं. एका सामन्यात चौऱ्याऐंशी गुण, समोरच्यांचे शून्य. सर्जेराव मारुतीच्या देवळापासून निघायचा आणि तालुक्याच्या गावी पोहोचायचा. हिंदुराव काही येईना. रोज सकाळी तिकडून पहिला प्रश्न, झाला का जिवंत? आणि दर दिवसाला आवाज थोडा बारीक. शालन मध्येच फोन घेऊन म्हणायची की मामा आज जेवले नाहीत, दुसरा पाय पण काळा पडायला लागलाय, पण तुमच्या फोनची वाट बघत असतात.

रविवारी संग्राम घरी होता. त्याला तळघरात बोलावलं आणि विचारलं, हिंदुरावाला आत कसं घ्यायचं. त्याने चार बटणं दाबून बघितलं.

"आबा, तो गेला."

"गेला म्हणजे कुठे?"

"गेला म्हणजे गेमच्या बाहेर. एकोणचाळीस वय कशाला टाकलंत? एकवीस टाकायचं."

"एकोणचाळीसच होतं त्याचं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने सावकाश समजावलं. हंगाम संपला की प्रत्येकाचं वय एकाने वाढतं. वय झालं की यंत्र आपणहून काढून टाकतं, विचारत नाही. या हंगामानंतर मुबारकचा नंबर, त्याच्या पाठोपाठ बाकीचे. "हिंदुराव नवा बनवून देऊ का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, आणि त्याने केलेले गुण? ते शून्यापासून, तो म्हणाला. जाता जाता पडद्यापाशी वाकून म्हणाला, "मुबारककाकांचं नाक चांगलं जमलंय." लहानपणी मुबारकने त्याला जत्रेत खांद्यावर घेऊन फिरवलेलं. महिन्याभरात आम्ही दोघं एकाच गोष्टीकडे एकदम बघतोय असं ते पहिल्यांदा झालं.

हंगामाचा एकच सामना उरला होता, फायनल. ती खेळली की यादी येणार. मी कंट्रोलर खाली ठेवला तो उचललाच नाही.

पण नऊ वाजता फोन होताच. मग मी माझा जुना धंदा काढला. फायनल कधी, तर आज बर्फाने रद्द. दुसऱ्या दिवशी चेंडू फुटला आणि अख्ख्या ओहायोत दुसरा नव्हता. मग समोरच्या कप्तानाचं लग्न निघालं. मग पंचाने दोन्ही संघांना जेवायला बोलावलं आणि मुबारकने एकट्याने अठ्ठावीस पोळ्या खाल्ल्या. नऊ दिवस मी फायनल पुढे ढकलली. सर्जेराव ऐकून घ्यायचा, हसायचा मात्र नाही.

दहाव्या दिवशी पहाटेपासून बर्फ कोसळत होता. रस्ते बंद, संग्रामचं ऑफिस बंद. नऊला फोन लागला. शालनने उशीवर ठेवला. 

"बळ्या, तू खेळायचा थांबलायस."

मी टिपणांचा कागद घडी करून खाली ठेवला.

"हिंदुराव जिवंत झाला का न्हाई? खरं सांग."

"न्हाई."

"किती गुण काढलं?"

"एका सामन्यात चौऱ्याऐंशी."

"चौऱ्याऐंशी गुणात एक गडी जिवंत न्हाई?"

"सर्जा, ह्या खेळात जिवंत करत न्हाईत. बाद झाला की झाला."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी दार लोटलं. मग तो म्हणाला, "मग गुण मोजत्यात कशाला?"

 मी त्याला सगळं सांगून टाकलं. वयाचं, यादीचं, फायनल संपली की मुबारक जाणार त्याचं. कधीतरी तोही जाईल, हे बोललो नाही. तो तिथपर्यंत माझ्याआधी पोचला असावा. म्हणाला, मैदान अर्ध्यात सोडलेला संघ आपला न्हवं. आत्ता खेळ, मी हितं हाय.

फोन स्पीकरवर टाकून सतरंजीवर ठेवला आणि खेळलो. अवघडपणा मी पुन्हा मूळच्या जागी आणून ठेवला होता. फायनल आहे म्हटल्यावर तेवढं करायलाच हवं. अर्धा तास मी त्याला पळ आणि पळ सांगत होतो आणि तो हुंकार भरत होता. शेवटाला आम्ही एका गुणाने पुढे, घड्याळात एक खेळी शिल्लक, आणि चेंडू आमच्याकडे, आमच्याच टोकाच्या रेघेपासून दहा यार्डांवर. संग्राम कधी जिन्यावर येऊन उभा राहिला मला कळलं नाही. त्याच्या हातात कप होता. तो हळूच म्हणाला, "आबा, आता काही करू नका. चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकवा, जिंकलात."

मी फोनकडे वाकून सांगितलं, "सर्जा, जिंकलो आपण. आता फक्त गुडघा टेकायचा."

"कंचा?" त्याने विचारलं.

जिन्यावरचा कप कठड्याला लागून वाजला. 

"दोन्ही हायत न्हवं तिथं माझं?" तो म्हणाला. "मग पळीव."

आणि मी बटण दाबायच्या आधी त्याने दम घेतला. सगळा श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. मग सुरू झालं ते, कबड्डी, कबड्डी, कबड्डी, अगदी खालच्या पट्टीत, भिंतीमागे जातं फिरावं तसं. त्या महिन्याभरात मुक्या मैदानावर तो पहिला आवाज. मी पळवला त्याला. नंबर बावीस, काटकुळा, लांब टांगा टाकत. एकाला डावीकडे झुकांडी, दुसऱ्याच्या हाताखालून. पन्नास यार्ड, सत्तर, ऐंशी. समोर त्यांची पांढरी रेघ आली. ओलांडली तर सहा गुण आणि ढाल.

दम बारीक व्हायला लागला होता.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मघाशी म्हणालो, सातातले पाच गेले आणि दोघं उरलो. ते निम्म्यातलं आहे, सोडून द्या. सहा गेले होते. उरला सर्जेराव. मी आठवा. राखीव. ढालीच्या फोटोत कडेला लिंबांची पिशवी घेऊन उभा आहे तो मी. एवढ्या वर्षांत एक चढाई मी केलेली नाही. पण बाकावर बसून चढाई बघणाऱ्याला एक गोष्ट खेळणाऱ्यापेक्षा जास्त कळते. शिवलं की संपत नाही. परत यायचं असतं. ज्याचा दम पलीकडच्या अंगणात तुटला तो बाद, मग त्याने किती का गडी मारले असेनात.

रेघ हातभर राहिली असताना मी त्याला वळवला.

संग्राम जिन्यावरून "आबा, आबा" म्हणत खाली आला. पडद्यावरचे दोघे समालोचक एकमेकांचं बोलणं तोडायला लागले. उलटा पळणारा माणूस अडवायचा कसा हे त्यांच्या गड्यांना कोणी शिकवलेलं नसावं. हा त्या खेळाचा दोषच म्हणायचा. चौघं पाचजण वाट सोडून नुसते उभे राहिले. माझा अंगठा बटणावर पांढरा पडला होता. कबड्डी, कबड्डी, आता नुसते ओठ वाजत होते, पण तुटलं नव्हतं. साठ यार्ड. तीस. आमचेच गडी तोंडं वळवून बघतायत, मोडक्या नाकाचा मुबारक त्यांत. आमची रेघ आली, त्याने ओलांडली, आणि मग चौघं एकदम अंगावर पडले आणि बर्फ उडाला.

दोन गुण त्यांना. आपल्याच रेघेमागे चेंडूसकट सापडलं तर देतात म्हणे. एका गुणाने हरलो.

फोनमध्ये खोकला. मग कसाबसा आवाज आला, "आलो?"

"आलो," मी म्हणालो.

पडद्यावर पुढे जायचं बटण लुकलुकत होतं. ते दाबलं की यादी. मी दाबलं नाही. संग्रामने माझ्या हातून कंट्रोलर घेतला, पडदा तसाच जपून ठेवायची काय ती चार बटणं दाबली आणि यंत्र बंद केलं. मग माझ्याशेजारी सतरंजीवर बसला. मी त्याला म्हणालो, तिकीट काढ. कधीचं, हे त्याने विचारलं नाही. मृणालने 'गुरुवार' लिहिलेला डबा बांधून माझ्या पिशवीत घातला.

मी शिरसवाडीला आलो तो आलो. संग्राम दर रविवारी फोन करतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की सांगतो, आबा, तुमचा संघ आहे तिथेच आहे. मुबारककाका पण. पुढचा हंगाम लावू का? मी म्हणतो, राहू दे.

तू पोचलास तेव्हा सर्जेराव होता का, आणि त्यानंतर किती दिवस होता, हे मला सर्जेरावाच्या दारातल्या कट्ट्यावर अजून विचारतात. कोणाला मी तीन दिवस सांगतो, कोणाला सात महिने. परवा एका नव्या तलाठ्याला सव्वा वर्ष सांगितलं. खरा आकडा शालनला माहीत आहे. मी आकडा सांगत असताना ती जवळून गेली तर थांबते, माझ्या पुढ्यात चहा ठेवते आणि माझा आकडा न खोडता आत जाते.